चंद्रपूर सोडायचं का?

"तिथली हवा इतकी खराब आहे, तर तुम्ही निघून का येत नाही?" चंद्रपुरात राहणाऱ्या माणसाला बाहेरगावचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. आम्ही दिग्रसवालेही आमच्या आपाला गेली अकरा वर्षं हेच विचारतो आहोत.

दुल्हेभाई वेल्डिंगचं काम करतात. एका ठेकेदाराकडे दोन वर्षांचं काम मिळालं म्हणून ते बिऱ्हाड घेऊन चंद्रपूरला गेले. दोनाची अकरा वर्षं झाली. मोठी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, आता नववीत आहे. आठव्या वर्षी तिला दमा निघाला. तेव्हापासून दर हिवाळ्यात आमच्या घरी मशवरा होतो. आपानं बाडबिस्तरा गुंडाळून दिग्रसला यावं का? निदान मुलीला तरी नानीजवळ ठेवावं का?

हा मामला एकट्या आमच्या घरचा नाही. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं पोटापाण्यासाठी वणी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर या पट्ट्यात गेली आहेत आणि तिथेच स्थिरावली आहेत. त्यांच्या घरांतही हा सवाल असणार. म्हणून आमच्या घरातल्या चर्चेतून जे हाती लागलं, ते वाचकांपुढे ठेवतो आहोत.

हवा अशी का झाली?

इरई आणि झरपट या नद्यांकाठी, गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या आत चंद्रपूरचं जुनं शहर वसलं आहे. त्याच्या भोवताली जमिनीत कोळसा आहे, आणि तोच तिथल्या रोजगाराचा आणि तिथल्या धुराचाही मोठा उगम आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत, त्यांतल्या अनेक उघड्या. १९८३ मध्ये सुरू झालेलं औष्णिक वीज केंद्र आज २,९२० मेगावॅट क्षमतेचं असून महानिर्मितीचं ते सर्वांत मोठं केंद्र आहे. गडचांदूर, आवारपूरकडे सिमेंटचे कारखाने, घुग्घुसला लोखंड आणि सिमेंट, बल्लारपूरला कागद. या सगळ्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवरून कोळशाचे आणि राखेचे ट्रक धावतात.

आपल्याकडच्या कोळशात राख फार. जळालेल्या कोळशाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राख होऊन उरतो. एक युनिट वीज तयार करायला अर्ध्या किलोहून जास्त कोळसा लागतो. म्हणजे दिग्रसमध्ये आपल्या डोक्यावर फिरणारा पंखा ज्या राज्यभरच्या विजेच्या जाळ्यावर चालतो, त्यात चंद्रपूरची वीज आहे आणि त्या विजेची राख चंद्रपूरकरांच्या अंगणात आहे. आपण बाहेरगावचे लोक या हिशेबातून सुटलेलो नाही.

त्यात हिवाळा आला की परिस्थिती आणखी बिघडते. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वरची हवा तिच्यापेक्षा ऊबदार राहते. भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं. धूर आणि धूळ वर न जाता खालीच कोंडते. म्हणूनच फजरनंतरचे दोन-तीन तास आणि उशिराची संध्याकाळ हे बहुधा दिवसातले सर्वांत वाईट वेळ असतात. ज्या वेळेला आपण 'सकाळची ताजी हवा' म्हणतो, ती अशा गावात हिवाळ्यात ताजी नसते.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना शंभरपैकी गुण दिले. हवा, पाणी, जमीन या तिन्हींचा त्यात विचार होता आणि सत्तरच्या वर गुण म्हणजे अतिशय गंभीर अवस्था. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादनंतर देशात चौथा नंबर. त्यामुळे २०१० मध्ये अशा गंभीर पट्ट्यांत नव्या प्रकल्पांना काही काळ मनाई झाली. २०१८ च्या मोजणीतही चंद्रपूर सत्तरच्या वरच राहिलं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतही हे शहर आहे.

नाकाला न दिसणारी धूळ

आपा सांगते, "गच्चीवर पांढरा दुपट्टा वाळत घातला की संध्याकाळी झटकूनच घडी करावी लागते. वुजू करताना नाकात पाणी घेतलं तर काळपट पाणी निघतं." ही झाली जाड धूळ. ती डोळ्यांना दिसते आणि बरीचशी नाकातच अडते. खरी फिकीर बारीक कणांची आहे. अडीच मायक्रॉनहून लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. आपल्या केसाच्या जाडीचा तो सुमारे तिसावा हिस्सा. असा कण नाकात थांबत नाही, तो फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. त्यातले सर्वांत बारीक कण रक्तातही उतरतात.

आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे हवेच्या एका घनमीटरमध्ये या कणांची वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. मुलांना धोका जास्त, कारण वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात, खेळताना-पळताना तर फारच, आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात.

जाणारे आणि राहणारे

थायलंडच्या उत्तरेला चियांग माई नावाचं शहर आहे. डोंगरांच्या कुशीतलं, स्वस्त आणि देखणं. जगभरातून अनेक कुटुंबं तिथे काही महिन्यांसाठी येतात आणि वर्षानुवर्षं राहतात. पण दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जंगलातले वणवे आणि शेतातला जाळलेला काडीकचरा, त्यात मक्याचा बराच, यांच्या धुराने ते खोरं भरून जातं. शेजारच्या म्यानमार आणि लाओसमधूनही धूर येतो. शहराला लागून असलेला डोई सुथेप डोंगर दिसेनासा होतो. ज्यांच्या गाठीला पैसा आहे ती कुटुंबं त्या दिवसांत दक्षिणेच्या समुद्रकाठी जातात आणि पाऊस पडला की परततात. हातगाडीवाला, रिक्षावाला, शाळेचा शिपाई मात्र तिथेच राहतो.

चंद्रपूरचंही असंच आहे. 'निघून या' म्हणणं सोपं आहे. निघायला आधी काय काय लागतं, ते आम्ही या वर्षी कागदावर मांडलं. दुल्हेभाईंना तिथे महिन्याचे बहुतेक दिवस काम मिळतं. दिग्रसला कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये थोडंफार मिळेल, पुढे काय? दोन खोल्यांच्या घराचा हप्ता अजून चालू आहे. त्यांच्या वालिदा सत्तरीच्या आहेत आणि त्यांच्या डोळ्यांचा इलाज तिथल्या डॉक्टरकडे चालला आहे. मुलगी नववीत. शिक्षक म्हणून आम्हाला ठाऊक आहे की, नववी-दहावीच्या मधोमध शाळा, मैत्रिणी आणि आई तिन्ही एकदम सुटलेलं मूल बरेचदा अभ्यासातून मनाने बाहेर पडतं.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी लक्षात आणून दिली. मुलीला सर्वांत जोराचा त्रास दोनदा झाला, आणि त्यातला एक दिग्रसमध्येच, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, घराजवळ थ्रेशर चालू असताना. दमा एकाच कारणाने उठत नाही. धूळ, सर्दी, थंड हवा, पिकाचा भुसा, चुलीचा धूर, काहीही निमित्त पुरतं. आपल्या गावात पऱ्हाट्यांवर पेटलेल्या चुलीपाशी बसलेल्या बाईच्या छातीत जाणारा धूरही पीएम २.५ च असतो. म्हणून गाव बदललं की आजार गेला, असं होत नाही. पण याचा अर्थ हवेची चिंता सोडावी असाही नाही. वर्षानुवर्षं खराब हवा घेणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ कमी होते, हे जगात अनेक ठिकाणी तपासून सिद्ध झालं आहे.

घरात काय बदललं

राहायचंच असेल तर नीट तयारीने राहायचं, असं आपानं ठरवलं. तिच्या घरात झालेले बदल कुणालाही जमण्याजोगे आहेत.

पहिलं, हवेचा आकडा पाहणं. केंद्रीय मंडळाचं 'समीर' नावाचं ॲप मोफत आहे. चंद्रपूर शहर आणि खुटाळा एमआयडीसी इथल्या केंद्रांचे आकडे त्यावर दिसतात. १०० पर्यंत ठीक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट, ३०१ ते ४०० अति वाईट आणि त्यापुढे गंभीर. दमेकरी मुलांनी शंभरच्या पुढेच जपायला लागावं. आकडा दोनशेच्या वर असेल त्या दिवशी मुलगी कवायतीत धावत नाही. तसं पत्र डॉक्टरांकडून घेऊन शाळेत दिलं आहे.

दुसरं, खिडक्यांचं वेळापत्रक. हिवाळ्यात सकाळी आणि रात्री बंद, दुपारी ऊन चढल्यावर उघड्या. घर कोरडं झाडत नाहीत, ओल्या फडक्याने पुसतात. फोडणी देताना पंखा बाहेर हवा फेकणारा. डासांची कॉइल, अगरबत्ती आणि लोबान बंद. लोबानवरून घरात थोडी कुरबूर झाली, पण दादीनेच नातीसाठी तो सोडला. डासांसाठी मच्छरदाणी आहे.

तिसरं, मास्क. रुमाल किंवा ओढणी तोंडावर धरल्याने जाड धूळ अडते, बारीक कण नाही. एन-९५ मास्क गालाला घट्ट बसला तरच उपयोगी पडतो. सैल बसला तर तो फक्त समाधान देतो. दुल्हेभाईही आता कामावर तोच लावतात.

चौथं आणि सर्वांत महत्त्वाचं, इन्हेलर. आपल्या समाजात, आणि सगळ्याच समाजांत, 'पंपाची सवय लागते' असं म्हणतात. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून तो लपवतातही. पंपाची सवय लागत नाही. गोळीचं औषध मिलिग्रॅममध्ये पोटात जातं, पंपाचं मायक्रोग्रॅममध्ये थेट फुप्फुसात जातं, म्हणून त्याचा बाकी शरीराला त्रास कमी. पंप दोन प्रकारचे असतात. एक रोज घ्यायचा, सूज आवरणारा. दुसरा श्वास अडकला की लगेच घ्यायचा. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप बंद केला की आजार पुन्हा डोकं वर काढतो. मुलांना पंपासोबत नळी, म्हणजे स्पेसर, लावून द्यावा, नाहीतर बरंचसं औषध तोंडातच राहतं. कोणत्या वेळी काय घ्यायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं आणि त्याची एक प्रत मुलाच्या दप्तरात ठेवावी. रमजानमध्ये औषधाच्या वेळा काय असाव्यात, हे डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून आधीच ठरवावं. रोज्यासाठी पंप गुपचूप सोडून देणं जिवावर बेतू शकतं.

दाराबाहेरचं काम

पण मास्कने शहराची हवा सुधारत नाही. औष्णिक वीज केंद्रांच्या धुरासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कडक मानकं काढली, आणि पुढे ती पाळायची मुदत वारंवार वाढवली. ट्रकवर ताडपत्री, रस्त्यावर पाणी, राखेचा नीट वापर, चिमणीवरची यंत्रं, ही कामं सरकारची आणि कारखान्यांची आहेत. एखाद्या आईने खिडकी बंद केल्याने ती होणार नाहीत. ती मागावी लागतात.

मागता येतात, हेही दिसलं आहे. चियांग माईचे रहिवासी २०२३ मध्ये न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या प्रशासकीय न्यायालयाने हवेसाठी तातडीची योजना ९० दिवसांत करा, असा हुकूम सरकारला दिला. आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड ठरवला. हा हुकूम आपाच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी कामी आणला. शाळेच्या गल्लीत रोज कचरा पेटायचा. पंधरा-वीस जणींनी मराठीत अर्ज लिहिला, फोटो जोडले, पोच घेतली आणि दर आठवड्याला चौकशी केली. दीड महिन्यात त्या गल्लीत घंटागाडी येऊ लागली. चिमण्यांचा धूर आहे तिथेच आहे, पण मुलांच्या नाकासमोरचा एक धूर थांबला.

आपण दिग्रसचे, पुसदचे, दारव्ह्याचे नातेवाईकही काही करू शकतो. तिथे राहणाऱ्यांना अपराधी वाटेल असे सवाल करण्याऐवजी मुलांचे पंप भरलेले आहेत का, मास्क आहेत का, सुट्टीत मुलांना कधी पाठवता, हे विचारावं. आणि ती पाहुणी मुलं आली की घरातली चूल, कॉइल आणि कोपऱ्यावरचा पेटलेला कचरा आधी विझवावा.

यंदाच्या मशवऱ्यात ठरलं ते असं. भाची दहावीपर्यंत आईजवळ चंद्रपुरातच शिकेल. दिवाळीची सुट्टी सोयाबीनची काढणी आटोपल्यावर नानीकडे, उन्हाळ्याची पूर्ण दिग्रसला. दर तीन महिन्यांनी फुप्फुसाची तपासणी होईल आणि तिचे कागद एका फाइलमध्ये राहतील. तपासणीत घसरण दिसली तर शाळा, हप्ता काही न बघता कुटुंब हलेल. दहावीनंतर पुन्हा बसू. दुल्हेभाईंनी नागपूर आणि यवतमाळकडे कामाची चौकशी सुरू केली आहे. वाचकांपैकी कुणाला चांगल्या वेल्डरची गरज असेल तर जरूर कळवावं.