रहाटाच्या माळेतील सुधारणा व वऱ्हाडातील विहिरी

विहिरीचे पाणी बैलांकडून उपसण्याच्या दोन पद्धती भारतात पूर्वापार रूढ होत्या. एक मोटेची व दुसरी रहाटाची. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाबराने आपल्या आत्मचरित्रात दोहोंचीही नोंद केली आहे. लाहोर, दीपालपूर व सरहिंद या प्रदेशांत रहाट, तर आग्रा व बयाना या प्रदेशांत मोट चालत असल्याचे त्यावरून दिसते. महाराष्ट्रातही अशीच विभागणी होती. वसई व अष्टागर येथील वाड्यांतून उथळ विहिरींवर रहाट फिरत, तर देशावर व वऱ्हाडात मुख्यतः मोट चाले. हा भेद केवळ रूढीचा नव्हता. विहिरीच्या खोलीशी त्याचा निकट संबंध होता.

मोटेचे बैल धावेवरून उतरताना पाणी वर येते. ते माघारी येतात तेवढा वेळ पाण्याच्या दृष्टीने वाया जातो. रहाटात असा खंड नसतो. माळेची एक बाजू भरून वर येत असतानाच दुसरी रिकामी होऊन खाली जाते व दोन्ही बाजूंच्या माळेचे वजन परस्परांस तोलून धरते. तथापि या दोन्ही वजनांचा एकत्रित भार चाकाच्या कण्यावर पडतो. खोली वाढली की माळ लांबते, भार वाढतो व त्यासरशी घर्षणही वाढते. म्हणूनच सुमारे १० मीटरांपलीकडे रहाट लाभदायक ठरत नाही.

या यंत्रात शक्ती किती वाया जाते हे साध्या गणिताने समजते. बैलजोडीची टिकाऊ शक्ती ५०० वॅट, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश अश्वशक्ती, धरली आणि पाणी ९ मीटर उचलावयाचे असले, तर कोणतीही गळती वा घर्षण नसताना ताशी सुमारे २० हजार लिटर पाणी मिळावयास हवे. प्रत्यक्षात ताशी १० हजार लिटरांच्या आसपास पाणी मिळते. अर्थात निम्मे श्रम वाटेतच खर्ची पडतात.

हे श्रम चार ठिकाणी जातात. पहिले, वर येताना हेलकाव्याने पाणी सांडते. दुसरे, चाकावरून ओतले जाण्यासाठी पाणी पन्हळीच्याही वर न्यावे लागते. ही जादा उंची १ मीटर असली, तर ९ मीटर खोलीस तिचा भुर्दंड एक नवमांश, पण ३ मीटर खोलीस एक तृतीयांश पडतो. तिसरे, लाकडी दाते व कणा यांचे घर्षण. चौथे, दोराच्या माळेचे दोष. भिजलेला दोर ताणतो, कुजतो आणि गाडगी विहिरीच्या कडेवर आपटून फुटतात.

सुधारणा याच क्रमाने तपासाव्या लागतात. गाडग्यांऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे पोहरे बसविल्याने वजन घटते. पन्हळ चाकाच्या आत शक्य तितकी वर घेतल्यास जादा उंची कमी होते. ओतीव लोखंडी दाते व गोळ्यांचे बेअरिंग यांनी घर्षण आटोक्यात येते. सुट्या कड्यांची लोखंडी माळ असली की उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर कड्या वाढविता येतात.

आणखी दोन बारकावे लक्षात घेण्याजोगे आहेत. १० लिटरांचे पोहरे ४० सेंटिमीटर अंतरावर असल्यास ९ मीटरांच्या भरल्या बाजूवर सुमारे २२५ किलो पाणी असते. बैल थांबताच हा भार चाक उलट फिरवू पाहतो. त्यास अडविण्यासाठी खटका लागतो. शिवाय प्रत्येक पोहऱ्याच्या बुडाशी लहानसे छिद्र ठेवतात. चालू असताना त्यातून गळणारे पाणी बहुतांशी खालच्या पोहऱ्यातच पडते. थांबल्यावर मात्र सर्व माळ हळूहळू रिकामी होते व बैलांना पुन्हा सुरुवात करणे सोपे जाते. ज्यास दोष समजावे तोच येथे गुण ठरतो.

आता हे यंत्र वऱ्हाडातील कोणत्या विहिरीस उपयोगी, हा प्रश्न उरतो. अमरावती व अकोला जिल्ह्यांचे या दृष्टीने तीन पट्टे पडतात. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी, अचलपूर, अंजनगाव, अकोट या बाजूस, गाळ जाड असून पाणी खोल आहे. तेथे रहाटाची माळ अपुरी पडते. मध्यभागी पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथे पाणी उपसणे हीच अडचण नव्हे; ते क्षारयुक्त पाणी चिकण काळ्या जमिनीस दिल्यास तिची घडण बिघडते आणि पोहरेही लवकर गंजतात. दक्षिणेकडील काळ्या पाषाणाच्या प्रदेशातच रहाटास योग्य अशा उथळ विहिरी संभवतात. परंतु तेथे पाणी खडकाच्या भेगांतून व मुरमाच्या थरातून सावकाश पाझरते.

या पाझराचा विचार निर्णायक आहे. एखाद्या विहिरीचा पाझर सरासरी ताशी ५ हजार लिटर धरला, तर चोवीस तासांत १ लाख २० हजार लिटर जमतात. सहा तास चालणारा रहाट त्यातील ६० हजार लिटर उपसतो. दीडपट सुधारलेला रहाट ९० हजार. दोन्ही पाझराच्या मर्यादेत राहतात. ५ अश्वशक्तीचा वीजपंप निम्म्या कार्यक्षमतेनेही ९ मीटरांवरून ताशी सुमारे ७६ हजार लिटर खेचतो व दिवसभराचे जमलेले पाणी दोन तासांच्या आतच संपवितो.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले व पुढील दशकांत वीज खेडोपाडी पोचली. मोट व रहाट दोन्ही मागे पडले. बैलांचे कष्ट वाचले, हा लाभ निःसंशय मोठा होय. परंतु बैलांच्या थकव्याने उपशावर आपोआप पडणारी मर्यादाही त्याबरोबर गेली. वरुड व मोर्शी भागांतील संत्र्यांच्या बागांखाली भूजलाची झालेली ओढाताण हे त्याचे ठळक उदाहरण आहे. माळेतील सुधारणा वाया जाणारे श्रम वाचविते. विहिरीत नसलेले पाणी ती निर्माण करीत नाही. यास्तव उपशाच्या कोणत्याही साधनाची परीक्षा करताना ते ताशी किती पाणी काढते याबरोबरच विहीर ताशी किती पाणी देते, हेही मोजले पाहिजे.