वजनाचे ध्येय कसे ठरवावे

आरोग्यतपासणीच्या दिवशी विद्यार्थ्यांची नोंद पुरी झाली, की गुरुजीही बहुधा वजनकाट्यावर उभे राहतात आणि मनाशी एक प्रतिज्ञा करूनच खाली उतरतात : लग्नाच्या वेळी बावन्न किलो होतो, दिवाळीपर्यंत पुन्हा बावन्न व्हावयाचे. ही प्रतिज्ञा पोळ्यापर्यंतही क्वचितच टिकते. त्यात निश्चयाचा दोष थोडा. ध्येयच चुकीचे निवडलेले असते, हा दोष मोठा.

उंचीच्या मानाने वजन किती असावे, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. येणाऱ्या संख्येस शरीरभार निर्देशांक म्हणतात. या रीतीचे मूळ केतले या बेल्जियन गणितज्ञाच्या १८३२ मधील अभ्यासात आहे. त्यांस एका व्यक्तीचे आरोग्य जोखावयाचे नव्हते, जनसमूहाची सरासरी शोधावयाची होती, हे ध्यानात ठेवावे. प्रौढांसाठी १८.५ ते २५ ही मर्यादा जगभर रूढ झाली. परंतु आशियाई लोकांत २३ पासूनच धोका वाढू लागतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये नमूद केले, आणि भारतीय तज्ज्ञांनीही २००९ मध्ये २३ हीच सीमा स्वीकारली.

हा भेद का, याचे उत्तर पुण्यात सापडते. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक २२.३, दिसावयासही दोघे सडपातळ. परंतु मोजणी केली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. म्हणून काट्याच्या जोडीला शिंप्याची फीत हवी. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजावा. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे तो गेला, तर निर्देशांक बरा असूनही सावध व्हावे.

आता एक उदाहरण घेऊ. यवतमाळहून मोटारसायकलने बाभुळगावकडील शाळेत येणाऱ्या एका शिक्षकाची उंची १६५ सेंटिमीटर व वजन ८० किलो आहे, असे समजा. निर्देशांक २९.४ येतो. कोष्टकाप्रमाणे त्याचे वजन ६२ किलोच्या आसपास हवे, म्हणजे अठरा किलो उतरवावयाचे. हेच पहिले ध्येय मानले, तर तो दोन महिन्यांत कंटाळेल. त्याने सध्याच्या वजनाचे पाच ते सात टक्के, म्हणजे चार ते साडेपाच किलो, सहा महिन्यांत उतरवावे आणि तेथे काही काळ स्थिर राहावे, पुढचे पुढे. हा आकडा केवळ मनाच्या समाधानासाठी नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सात टक्के घट व आठवड्यास दीडशे मिनिटे व्यायाम एवढेच लक्ष्य होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. चेन्नईच्या २००६ मधील प्रयोगाचा निष्कर्ष तर अधिक विचार करावयास लावणारा आहे. तेथे आहार व चालणे सुधारले, वजन फारसे हलले नाही, तरीही मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले.

चार दिवसांत तीन किलो उतरल्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकू येतात. ओल्या कापसाचे वजन व वाळल्या कापसाचे वजन यांतील फरक या भागात कोणास समजावून सांगावयास नको. उपाशी देहातूनही आधी जातो तो बहुतांशी ओलावाच, आणि तो परत येतो. म्हणून आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर वजन करावे. ज्वारीची भाकरी सोडण्याचे कारण नाही. झुणक्यावर तरंगणारे तेल मात्र पाहावे. एकादशीच्या साबुदाण्याविषयी तर म्हणच पुरेशी बोलकी आहे.

मधुमेहाची औषधे घेणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनी ध्येय डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. काही न करता वजन उतरू लागले, तर आनंद मानू नये, तपासणी करून घ्यावी; क्षय किंवा मधुमेहही असू शकतो.

हे सर्व आकडे प्रौढांचे आहेत. विद्यार्थ्यास २३ ची सीमा लावणे चूक होय. पाच ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी वय व लिंग यांनुसार जागतिक आरोग्य संघटनेची २००७ ची निराळी कोष्टके आहेत. वाढत्या वयाच्या स्थूल मुलाचे वजन बहुधा उतरवावयाचे नसते, उंची वाढेपर्यंत ते आहे तेथे राहिले तरी पुष्कळ. कृश मुलाचे ध्येय तर उलट दिशेचे. वजनाचे आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत, पत्रकात लिहून पालकांना एकांतात सांगावेत. गुरुजींनी स्वतःच्या पथ्याची चर्चा मध्यान्ह भोजनाच्या पंगतीत करू नये. सातवीतील एखादी आधीच अशक्त असलेली मुलगी ती ऐकते आणि अर्धी खिचडी ताटात टाकून उठते.