एक्स-रेच्या खोलीबाहेरचा प्रश्न

किरणोत्सार आणि आपण : लेखांक ५

बेळगावात टिळकवाडीतल्या डायग्नोस्टिक सेंटरांच्या दारावर तीन पाकळ्यांचं चिन्ह असतं आणि त्याखाली सूचना : गरोदर असाल तर आधी सांगा. कन्नडमध्ये, इंग्रजीत आणि जागा उरली तर मराठीत. पाटी वाचून आपणहून बोलणाऱ्या बायका थोड्याच. विचारावं लागतं, आणि घोडं तिथंच अडतं. बावीस-तेवीस वर्षांचा टेक्निशियन, समोर नवी सून, शेजारी सासूबाई. ‘अक्का, पाळी वेळेवर आलीय न्हवं?’ हे त्याच्या ओठांतच राहतं. सोळा-सतराची मुलगी वडिलांसोबत आली असेल, तर प्रश्न निघतच नाही. फॉर्मवर ‘नाही’ अशी खूण तोच करून मोकळा होतो.

या प्रश्नाचं महत्त्व जगाला कळलं तेही बायकांना विचारल्यामुळेच. ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी १९५० च्या दशकात कॅन्सरनं दगावलेल्या मुलांच्या आयांना प्रश्नावली दिली. गरोदरपणात काय काय झालं, एक्स-रे काढला होता का, असं सगळं. तुलनेसाठी निरोगी मुलांच्या आयांनाही तेच विचारलं. १९५६ मध्ये पहिले आकडे छापून आले : पोटात असताना एक्स-रे झालेल्या मुलांमध्ये कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास दुप्पट. त्या काळी बाळाची ठेवण पाहायला एक्स-रे सर्रास काढत. आयांच्या आठवणीवर काय भरवसा ठेवायचा, म्हणून डॉक्टरमंडळींनी हा निष्कर्ष बरीच वर्षं झटकून टाकला. पुढे बाळ पाहायला सोनोग्राफी आली. तिच्यात ध्वनिलहरी असतात, किरणोत्सार नसतो.

मोजमापाची कथाही अशीच एकांगी. किरणोत्साराचे हिशेब ज्या ‘प्रमाण माणसा’वर बसवले, त्याचं वर्णन किरणोत्सारापासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं १९७५ मध्ये छापलं : वय २० ते ३०, वजन ७० किलो, उंची १७० सेंटिमीटर, पश्चिम युरोप किंवा उत्तर अमेरिकेतला पुरुष. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणारी चाळीस-पंचेचाळीस किलोची बाई या वर्णनात कुठं बसणार? बाईचं प्रमाण शरीर हिशेबात आलं, पण उशिरा. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या नोंदी मुख्य आधार धरून अमेरिकेच्या विज्ञान अकादमीनं २००६ मध्ये अंदाज मांडला, तेव्हा फरक लख्ख दिसला. १ लाख पुरुषांना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट (हे किरणोत्साराच्या डोसचं एकक) डोस मिळाला, तर रक्ताचे सोडून इतर कॅन्सर आयुष्यभरात सुमारे ८०० जास्त. तेवढ्याच बायकांमध्ये सुमारे १३००. स्तन आणि थायरॉइड हे त्यामागचं एक मोठं कारण. लहान मुलींना धोका त्याहून जास्त.

पुढच्या पिढीचं काय? मुलीचा गर्भ पोटात असतो तेव्हाच तिच्या अंडाशयात तिची बीजं तयार होत असतात; म्हणजे एका गरोदर बाईवर किरण पडले, तर तिथं आजी, आई आणि नात अशा तिघी असतात. ऐकून काटा येतो खरा. पण हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना नंतर झालेली सत्तर हजारांहून अधिक मुलं तपासली, त्यांच्यात आनुवंशिक दोष वाढल्याचं दिसलं नाही. बॉम्ब पडला तेव्हा जी पोटात होती, विशेषतः ८ ते १५ आठवड्यांची, त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूला मात्र जबर इजा झाली.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे : किरणोत्साराच्या कामावरच्या माणसाला ५ वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, सामान्य माणसाला १. कामावरच्या बाईनं गरोदरपण कळवलं, की उरलेल्या महिन्यांत गर्भाला १ च. पण कळवायचं तिनंच. कारवार तालुक्यातल्या कैगा अणुवीज प्रकल्पात नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्येच किरणोत्सारी ट्रिटियम सापडलं. कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ते लक्षात आलं. ट्रिटियम पाण्याच्या रूपात शरीरभर पसरतं, वार ओलांडून बाळापर्यंतही जातं. अशा वेळी कळवायला उसंत कुठली?

तरीही घाबरण्यात आपण भलतीकडेच शक्ती घालवतो. गल्लीत मोबाइल टॉवर नको म्हणून सह्या गोळा करणारं घर मुलीचं डोकं दुखलं की ‘सीटी करूनच घेऊया डॉक्टर’ म्हणतं. टॉवरच्या लहरी पेशींतली रासायनिक बंधनं तोडत नाहीत. सीटीचे किरण तोडू शकतात. ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख ८० हजार मुला-तरुणांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये दिसलं, की सीटीच्या डोसबरोबर रक्ताचा आणि मेंदूचा कॅन्सर वाढतो. प्रत्येकी धोका लहान, पण विनाकारण का घ्यायचा?

उलट, छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत पोहोचतो तो डोस ०.०१ मिलिग्रेच्याही आत (एक्स-रेच्या बाबतीत मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट सारखेच धरतात). ५० मिलिग्रेखाली व्यंगं वाढल्याचं आढळलेलं नाही. टीबीची शंका असलेल्या गरोदर बाईनं हा एक्स-रे टाळणं हाच मोठा धोका. चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर १९८६ मध्ये ग्रीसमध्ये नुसत्या भीतीनं सुमारे अडीच हजार हवे असलेले गर्भ पाडले गेले असा अंदाज आहे. तिथं पोहोचलेला डोस १ मिलिसिव्हर्टच्याही आत होता.

एक्स-रे झाला आणि दिवस गेल्याचं नंतर कळलं, तर फिल्म, तारीख आणि कुठल्या भागाचा एक्स-रे होता ते घेऊन रेडिओलॉजिस्टकडे जावं. यंत्राच्या नोंदींवरून गर्भाचा डोस काढता येतो. तो आकडा हाती येण्याआधी गर्भपाताचा निर्णय घेऊ नये.

(पुढील लेखांकात : दातांच्या दवाखान्यातला एक्स-रे)