फुकटच्या टिपणवहीस पडलेलें कुंपण

हल्लीं पुष्कळ विद्यार्थी वर्गांतील टिपणें मोबाइलवरील ॲपमध्यें लिहून ठेवतात. ही सोय खरोखर मोठी आहे. लिहिलेलें चटकन सांपडतें, फळ्याचें छायाचित्र त्याच पानावर ठेवतां येतें, आणि वही घरीं राहिली ही सबब उरत नाहीं. परंतु फुकट मिळालेल्या या वहीस पुढें कधीं कधीं कुंपण पडतें. तें कां पडतें व पडल्यावर काय करावें, याचा विचार विद्यार्थी व पालक या दोघांनींही केला पाहिजे.

एव्हरनोट या प्रसिद्ध ॲपचेंच उदाहरण घेऊं. तें २००८ सालीं सर्वांस खुलें झालें. आरंभीं फुकट वापरणारासही तें हव्या तितक्या यंत्रांवर उघडतां येत असे. २०१६ सालीं ही मुभा दोन यंत्रांपुरती करण्यांत आली. २०२२ च्या नोव्हेंबरांत बेंडिंग स्पून्स या इटलींतील कंपनीनें तें विकत घेण्याचें जाहीर केलें. तोंवर फुकट वापरणारास १,००,००० टिपणें व २५० वह्या ठेवतां येत. ४ डिसेंबर २०२३ पासून ही मर्यादा ५० टिपणें व एक वही इतकी झाली.

या फरकाचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. सहा विषय शिकणारा विद्यार्थी दररोज प्रत्येक विषयाचें एक टिपण करील, तर नवव्या दिवशींच त्याचें काम अडेल. मात्र ज्यांचीं टिपणें ५० हून अधिक होतीं, त्यांचीं जुनीं टिपणें कंपनीनें पुसून टाकलीं नाहींत. तीं वाचण्याची, सुधारण्याची व बाहेर काढून घेण्याची मोकळीक राहिली. नवीन टिपण करण्यास तेवढी बंदी झाली.

असें कां होतें ? आपण लिहिलेला मजकूर केवळ आपल्या मोबाइलांत राहत नाहीं. त्याची प्रत कंपनीच्या मोठ्या संगणकांवर जाते. त्या संगणकांस अहोरात्र वीज लागते, त्यांची देखभाल करावी लागते, आणि कामकऱ्यांस वेतन द्यावें लागतें. पैसे भरणारे थोडे व फुकट वापरणारे पुष्कळ असले, म्हणजे थोड्यांच्या वर्गणींतून सर्वांचा खर्च भागवावा लागतो. प्रथम लोकांस संवय लागावी म्हणून कंपनी हात सैल सोडते, आणि पुढें हिशेब जुळेना म्हणजे तो आंवळते. गूगल फोटोजनेंही १ जून २०२१ पासून छायाचित्रांचा फुकट अमर्याद सांठा बंद केला. यांत प्रत्येक वेळीं लबाडीच असते असें नाहीं. पण संवय आधीं लागते आणि किंमत मागाहून कळते, हें खरें.

म्हणून ॲप निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या. फुकट किती टिपणें, किती जागा व किती यंत्रें मिळतात, ही पहिली. आपला सर्व मजकूर बाहेर काढतां येतो कीं नाहीं, ही दुसरी. बाहेर काढलेला मजकूर दुसऱ्या ॲपमध्यें किंवा साध्या संगणकावर उघडतो काय, ही तिसरी. ऑब्सिडियनसारखीं कांहीं ॲपें टिपणें साध्या मजकुराच्या फाइलींत आपल्याच यंत्रावर ठेवतात. तेथें ही अडचण कमी. ॲप कोणतेंही असो, महिन्यांतून एकदां सर्व टिपणांची प्रत काढून घरच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी.

पालकांस एक विनंति. मुलानें ॲपसाठीं पैसे मागितले तर एकदम रागावूं नये, व एकदम देऊंही नयेत. शुभवर्तमानांत बुरूज बांधूं पाहणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो. तसा मुलास जवळ घेऊन करावा. ही वर्गणी दर वर्षीं द्यावी लागेल, याचाही विचार त्यांत असावा. कागदी वहीनें काम भागत असेल तर तींत कमीपणा नाहीं. ऐन परीक्षेच्या तोंडावर वही अडून बसण्यापेक्षां हा विचार शाळा उघडतांनाच झालेला बरा.