रायफलची नळी घरी बदलता येते का? गैरसमज आणि वस्तुस्थिती

बोल्ट-ॲक्शन रायफलची नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य सांगाड्यात, आट्यांवर घट्ट पिळून बसवलेली असते. त्यामुळे ती काढून दुसरी बसवणे हे नळाचा पाइप बदलण्याइतके सोपे काम असावे, असा समज इंटरनेटवरच्या चित्रफितींनी रूढ केला आहे. या चित्रफिती बहुतेक अमेरिकेतल्या असतात. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार रिसीव्हर हेच शस्त्र. नळी हा नुसता सुटा भाग असून ती टपालानेही मागवता येते. भारतात तसे नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधल्या व्याख्येत अग्निशस्त्राच्या भागांनाही अग्निशस्त्रच मानले आहे. म्हणजे कपाटात ठेवलेली जादा नळी हे कायद्याच्या दृष्टीने वेगळे शस्त्रच ठरते.

रायफल परवान्याची आहे, मग मालकाने तिची दुरुस्ती घरी केली तर बिघडले कुठे, असा प्रश्न हमखास विचारला जातो. हत्यार बाळगण्याचा परवाना आणि ते दुरुस्त करण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम ५ नुसार अग्निशस्त्र बनवणे, त्यात बदल करणे, ते दुरुस्त करणे किंवा त्याची चाचणी घेणे या कामांसाठी वेगळा परवाना लागतो. कलम ६ नळी आखूड करण्याबाबत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात एका वर्गातले शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलण्याचीही भर घातली. याच दुरुस्तीने शिक्षाही वाढवल्या. विनापरवाना दुरुस्ती करणाऱ्याला किंवा नळी कापणाऱ्याला किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप होऊ शकते.

हत्याराचा परवाना कोण देतो, हे ठिकाणावर ठरते. उदाहरणार्थ, सोलापूर शहरात परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे, तर ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. परवान्यावर हत्याराचा प्रकार, बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) आणि क्रमांक लिहिलेला असतो. बोअर बदलला की हातातली रायफल आणि कागदावरची रायफल एक राहत नाही. अनेक जुन्या रायफलींच्या नळीवरही क्रमांक ठोकलेला असतो. तो घासून काढणे किंवा बदलणे हा कलम ८ खाली वेगळा गुन्हा आहे.

या गोंधळातला सर्वांत धोक्याचा गैरसमज .३१५ आणि .३०३ या दोन बोअरांचा आहे. ब्रिटिश काळात .३०३ ही सैन्याची गोळी होती आणि ती नागरिकांच्या हाती पडू नये असे सरकारचे धोरण होते. म्हणून बीएसएसारख्या ब्रिटिश कंपन्यांनी सैन्याच्या .३०३ रायफलींच्याच ली जातीच्या यंत्रणेवर .३१५ बोअरच्या शिकारी रायफली बनवल्या. पुढे पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीनेही ही परंपरा चालू ठेवली. यंत्रणा एकाच घराण्यातली असल्याने .३०३ ची जुनी नळी .३१५ ला बसवावी, हा मोह तिथून येतो. पण .३०३ किंवा ७.६२ मिमीची लष्करी काडतुसे झाडू शकणारी बोल्ट-ॲक्शन रायफल निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि तिला केंद्र सरकारची मंजुरी लागते. नळी बदलताच साध्या परवान्याची रायफल निषिद्ध वर्गात जाते.

आता कारागिरीचा भाग. सोलापुरात यंत्रमागांमुळे लेथवर काम करणारे कसबी हात कमी नाहीत. आटे पाडणारा चांगला टर्नर नळीही बसवील, असे कुणाला वाटले तर नवल नाही. त्याच्या हातात खोट नसते. नेमके काय मोजायचे, हेच त्याच्यासमोर नसते. काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर त्याच्या मागच्या टोकाला बोल्ट किती जवळून आधार देतो, त्या मापाला हेडस्पेस म्हणतात. .३०८ विंचेस्टर या प्रचलित काडतुसासाठी दोन गेज वापरतात. १.६३० इंचाच्या गेजवर बोल्ट पूर्ण बंद झाला पाहिजे, १.६३४ इंचाच्या गेजवर बंद होता कामा नये. सगळे काम या ०.१ मिमीच्या फटीत चालते. .३१५ आणि .३०३ या कडावाल्या काडतुसांत हे माप बुडाच्या कडेवरून धरतात. काही .३०३ ली-एनफिल्ड रायफलींमध्ये त्यासाठी वेगवेगळ्या मापांची बोल्ट-डोकी बसवावी लागत. .३०८ चा दाब वातावरणाच्या ४,००० पटींहून अधिक होतो. पितळी कवच तो दाब एकट्याने पेलू शकत नाही, त्याला चेंबरचा आणि बोल्टचा टेकू लागतो. टेकू सैल असेल तर कवच ताणून फाटते आणि तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो.

एक गोळी झाडून पाहिली, काही झाले नाही, म्हणजे नळी नीट बसली, हेही खरे नाही. कवच फाटणे एखाद्या वेगळ्या काडतुसावर, उन्हाने तापलेल्या दारूवर किंवा काही फैरींनंतर होऊ शकते. म्हणून नव्या नळीची चाचणी नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसाने, माणूस दूर ठेवून घेतात. लंडनचे चाचणीगृह सतराव्या शतकापासून आणि बर्मिंगहॅमचे १८१३ पासून हेच काम करत आले आहे.

निशाणा चुकू लागला की नळी झिजली, हा निष्कर्षही बहुधा घाईचा असतो. नळीत साचलेला तांब्याचा थर, लाकडी दस्त्यातले सैल स्क्रू, हलणारी दुर्बीण किंवा नळीच्या तोंडाची कड दुखावणे ही कारणे आधी तपासावी लागतात. मोठ्या बोअरच्या नळीचे आयुष्य हजारो फैरींचे असते. .२२ बोअरमध्ये दाब कमी आणि गोळी शिशाची, त्यामुळे ती नळी त्याहून कितीतरी अधिक टिकते. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो याच .२२ चा खेळ. या खेळात नेमबाज नळी बदलण्याआधी काडतुसांचे वेगवेगळे लॉट एकाच नळीतून झाडून पाहतात, कारण एका नळीला मानवणारा लॉट दुसरीला मानवेलच असे नाही.

घरी मालकाने करायचे काम म्हणजे हत्यार रिकामे असल्याची खात्री करून नळी पुसणे, तेल देणे आणि गंज चढू न देणे. त्यापुढचे काम परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याचे, आणि बोअर बदलायचा असेल तर त्याच्याकडे जाण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाची लेखी मंजुरी लागते.