पहिले पारपत्र

पारपत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातला पासपोर्ट, हे परदेशी जाणाऱ्याची ओळख आणि त्याचे नागरिकत्व यांविषयी त्याच्या शासनाने परकीय शासनांना दिलेले प्रमाणपत्र होय. प्रौढ व्यक्तीजवळ ते सामान्यतः दहा वर्षे राहते. त्याची मालकी मात्र, पारपत्र अधिनियमाच्या १७व्या कलमानुसार, सदैव केंद्र सरकारची असते. यावरून ते देणे न देणे ही सरकारच्या मर्जीची बाब आहे, असा अनेकांचा समज होतो. एके काळी वस्तुस्थिती खरोखरच तशी होती.

पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानाबाहेर जाणाऱ्यास सर्वसाधारणपणे पारपत्र लागत नसे. युद्धकाळात ते सक्तीचे झाले, आणि युद्ध संपल्यावरही ती सक्ती राहिली. पारपत्र कोणास द्यावे आणि कोणास नाकारावे याविषयी मात्र स्वातंत्र्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे कोणताच कायदा नव्हता. सारा निर्णय अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोपविलेला होता. मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापार करणारे सतवंतसिंग साहनी यांना आपली पारपत्रे परत करण्यास सांगण्यात आले, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० एप्रिल १९६७ रोजी न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावून घेता येणार नाही. पुढच्याच महिन्यात अध्यादेश निघाला, आणि जून १९६७ मध्ये पारपत्र अधिनियम अस्तित्वात आला.

दहा वर्षांनी, १९७७ साली, मनेका गांधी यांचे पारपत्र ‘जनहितार्थ’ जमा करून घेण्याचा आदेश निघाला आणि त्याची कारणे देण्यास सरकारने नकार दिला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. नुसता कायदा असून भागत नाही. त्याने घालून दिलेली कार्यपद्धतीही न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, असे त्याने म्हटले. आज प्रथमच अर्ज करणाऱ्या तरुणाला या दोन खटल्यांची नावे बहुधा ठाऊक नसतात. परंतु अर्ज का नाकारता येईल ती कारणे कायद्यात नमूद आहेत, नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते. ही त्या तरुणाची पुंजी याच वाटेने त्याच्यापर्यंत आलेली आहे. फौजदारी खटला प्रलंबित असणे हे नकाराच्या कारणांपैकी एक होय. पण तेथेही वाट पूर्णपणे बंद नाही. १९९३ च्या एका अधिसूचनेनुसार, संबंधित न्यायालयाने परदेशी जाण्याची परवानगी दिल्यास अशा व्यक्तीलाही मर्यादित मुदतीचे पारपत्र मिळू शकते.

प्रत्यक्ष अर्ज संगणकाद्वारे भरावयाचा, छत्तीस पानांच्या पुस्तिकेसाठी १,५०० रुपये शुल्क भरावयाचे आणि ठरलेल्या वेळी पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा २०१७ पासून अनेक गावी उघडलेल्या टपाल कार्यालयातील केंद्रात मूळ कागदपत्रांसह हजर राहावयाचे, एवढाच हा व्यवहार आहे. छायाचित्र आणि बोटांचे ठसे तेथेच घेतात. मध्यस्थाला पैसे देऊन यातले काहीही वगळले जात नाही. त्यानंतर सामान्यतः पोलीस चौकशी होते, आणि ती अर्जात दिलेल्या पत्त्यावर होते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांची व कामगारांची अनेकदा येथेच अडचण होते. गावचा पत्ता दिला तर चौकशीच्या वेळी ते तेथे नसतात; खोलीचा पत्ता द्यावा तर त्याचा पुरावा जवळ नसतो. प्रतिकूल अहवाल म्हणजे अंतिम नकार नव्हे. अर्जदाराला खुलासा करता येतो, आणि तो त्याने अवश्य करावा.

खरा गुंता कागदोपत्रीच्या माणसाचा आहे. शाळेत नाव घालताना मुलाची जन्मतारीख ठाऊक नसली की महाराष्ट्रात गुरुजी १ जून लिहून मोकळे होत, आणि ती तारीख जन्मभर चिकटे. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना शाळेचा दाखलाही जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतो. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांना केवळ जन्मदाखलाच द्यावा लागेल. दोन कागदांत दोन तारखा असतील तर हा घोळ अर्ज करण्यापूर्वीच निस्तरावा, कारण खोटी माहिती देणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा अपराध आहे, आणि निष्काळजीपणे दिलेली माहितीही निदान संशयाचे कारण होते.

नावाचेही तसेच. अर्जात नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात, पण भारतीय नावे दोन रकान्यांत बसतातच असे नाही. तामिळनाडूत आडनावाची प्रथा फारशी नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर तेवढे पुढे येते. आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येतो खरा, परंतु २०२२ साली संयुक्त अरब अमिरातीने एकनावी पारपत्रावर येणाऱ्या पर्यटकांच्या प्रवेशावर निर्बंध घातले, तेव्हा पुष्कळांना त्या रिकाम्या रकान्याची किंमत कळली. मराठी मुलीच्या बाबतीत विवाहानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची रूढी आहे. ती रूढी आहे, कायदा नव्हे. माहेरच्या नावाने पारपत्र मिळण्यास विवाहाची आडकाठी नाही. आणि २०१६ च्या अखेरीस झालेल्या बदलांनंतर आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव देणेही पुरेसे आहे. एकट्या आईने वाढविलेल्या मुलांच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता.

अर्जातील शिक्षणाचा प्रश्न अनेकजण घाईने भरतात. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये, दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखाती देशांसह काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सामान्यतः सरकारी तपासणीतून जावे लागते. फसव्या दलालांपासून त्याचे रक्षण व्हावे हा तिचा हेतू आहे. अशा पारपत्रावर तसा शेरा पडतो. दहावी उत्तीर्ण असूनही ज्याने गुणपत्रिका वा प्रमाणपत्र दाखविले नाही, त्याच्याही पारपत्रावर तोच शेरा येतो, आणि तो काढून टाकण्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क आणि पुन्हा केंद्रातली फेरी करावी लागते.