दोघींसाठी कोणता खेळ?

मुलं शिकायला बाहेरगावी गेली की बऱ्याच घरांत दुपारी दोघीच उरतात. सासू आणि सून, नाहीतर आजी आणि नात. अशा वेळी पट मांडून बघा. फक्त खेळ दोघींना जमणारा हवा.

सापशिडीत सगळं फाशावर. लहान नातीला ती बरी, मोठ्या माणसाला तिथं ठरवायला काहीच नसतं. लुडोची गंमत चौघांत. दोघीच असाल तर प्रत्येकीनं दोन-दोन रंग घ्यावेत.

खास दोघींचा खेळ म्हणजे आपली नवकंकरी. जुन्या देवळांच्या, किल्ल्यांच्या दगडांवर तिचे पट कोरलेले दिसतात. खडूनं एकात एक तीन चौकोन काढा. चारही बाजूंचे मध्य रेघेनं जोडा, पण सगळ्यांत आतला चौकोन मोकळा ठेवा. 24 जागा होतात. एकीला 9 चिंचोके, दुसरीला 9 खडे. आळीपाळीनं एकेक ठेवायचा. एका रेघेवर आपले तीन सलग आले की दुसरीचा एक उचलायचा, शक्यतो तिच्या तीनच्या ओळीतला नाही. सगळे ठेवून झाले की शेजारच्या मोकळ्या जागी सरकवायचे. जिच्याकडे दोनच उरले किंवा जिला सरकायला जागा नाही, ती हरली.

आता अडचण अशी, की इथं फासा नाही. जिला खेळ चांगला येतो तीच रोज जिंकणार, आणि आठ दिवसांत दुसरी म्हणणार, "मला कामं आहेत." तेव्हा जाणतीनं 8 सोंगट्यांवर खेळावं.

नाहीतर वाघ-बकरी घ्या. गावोगावी पट वेगळे असतात. नेपाळात बाघचाल म्हणतात त्यात 25 जागा, कोपऱ्यांत 4 वाघ, आणि एकेक करून ठेवायच्या 20 बकऱ्या. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो. पाच खाल्ल्या की वाघ जिंकला, चारही वाघ कोंडले की बकऱ्या जिंकल्या. डाव झाला की बाजू बदला, म्हणजे तक्रारीला जागा नाही. पहिल्या डावात सासूबाईंना वाघ द्यायचा की बकऱ्या, ते तुमचं तुम्ही ठरवा!

आजींची नजर कमी असेल तर पट हातभर मोठा काढा. काळसर चिंचोक्यांसमोर पांढरेच खडे घ्या, म्हणजे कुणाची सोंगटी कुठं आहे ते विचारावं लागत नाही.